लेकराच्या राखणीचा हिशेब

राष्ट्रीय उत्पन्न ही संकल्पना वर्गात शिकविताना अर्थशास्त्राचे अध्यापक एक जुना दाखला हमखास देतात. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर दुसऱ्या दिवसापासून राष्ट्रीय उत्पन्न तिच्या पगाराएवढे घटते. काम तेच, हात तेच, चूलही तीच. केवळ वेतन थांबते. हा दाखला केंब्रिजचे प्रा. पिगू यांच्या १९२० सालच्या ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथापर्यंत मागे जातो. विद्यार्थी तो ऐकून हसतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे विसरतात. मीही तो वर्षानुवर्षे सांगत आलो. अलीकडे मात्र तो सांगताना डोळ्यांपुढे चुलीऐवजी पाळणा येतो, कारण घरात एक वर्षाची कन्या आहे आणि तिची दुपार माझ्या वाट्याला आलेली आहे.

व्यवस्था साधी आहे. माझे महाविद्यालय सकाळचे. साडेबारापर्यंत तास संपतात. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती साडेनऊला घर सोडते आणि सायंकाळी साडेपाचला परतते. मधल्या तीन तासांची जबाबदारी माझ्या आईने घेतलेली आहे. तिने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे साथ देत नाहीत; तरी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी नातीच्या तोंडात घालण्याचा अधिकार ती कोणाला देत नाही. आम्हा दोघांच्या दोन पगारांखाली या वृद्ध स्त्रीचे विनावेतन तीन तास पायासारखे गाडलेले आहेत, ही गोष्ट आमच्या आयकराच्या कागदपत्रांत कोठेही आढळणार नाही.

एक वर्षाचे मूल सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे दुरून पाहणाऱ्याला कळत नाही. दुरून दिसतो तो चटईवर बसलेला एक मध्यमवयीन गृहस्थ आणि समोर पसरलेली भांडी. वस्तुतः त्या वेळी या गृहस्थाचे सारे लक्ष तीन फुटांच्या परिघात अडकून पडलेले असते. मूल पलंगाची कड धरून उभे राहते, एक हात सोडते, आपण हात सोडला आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि ते मटकन खाली बसते. या साऱ्याला पाच सेकंद लागतात, आणि त्या पाच सेकंदांत वर्तमानपत्राची एक ओळही वाचून होत नाही. जमिनीवर पडलेला शेंगदाणा मोठ्यांच्या दृष्टीस पडण्यापूर्वी तिच्या दृष्टीस पडतो. उंबरा, पाण्याची बादली, विजेच्या तारा, दाराची फट यांच्याविषयी मला गेल्या चार महिन्यांत जेवढे ज्ञान झाले, तेवढे हे घर बांधताना झाले नव्हते. मूल निजते तेव्हा हात मोकळे होतात, कान मोकळे होत नाहीत. झोळीच्या दोरीला एक झोका देत उत्तरपत्रिका तपासता येतात खऱ्या. पण त्या तपासणीत अधूनमधून एखाद्याला अर्धा गुण उदारपणे मिळून जातो, असा मला संशय आहे.

कन्येने काही सिद्धान्तांचीही पंचाईत केली आहे. एकच वस्तू पुन्हा पुन्हा मिळत गेली की प्रत्येक वेळी मिळणारे समाधान घटत जाते, असे घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त सांगतो. ती स्टीलची वाटी खाली टाकते, मी उचलून देतो, ती पुन्हा टाकते. विसाव्या वेळचा आनंद पहिल्या वेळेपेक्षा तसूभरही कमी नसतो. घट होते ती उचलून देणाऱ्याच्या उत्साहात. रेल्वेचेही तसेच. जेऊर हे दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे, मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक. अनेक जलद गाड्या येथे न थांबताच जातात, आणि प्रत्येक शिटीला ही मुलगी ती जणू पहिलीच असावी अशा विस्मयाने बोट वर करते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने माणसे दिवसाचा वेळ कसा घालवितात याची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रथम केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या कप्प्यांत विभागून प्रत्येक कप्प्यात काय केले ते विचारावयाचे, अशी तिची पद्धत. २०२४ च्या पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी घरातील कोणाची ना कोणाची देखभाल केली होती; पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. ज्यांनी ती केली त्यांपैकी स्त्रियांचा वेळ सुमारे १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४ मिनिटे. म्हणजे पाचांपैकी जवळजवळ चार पुरुषांच्या दिवसात हे काम नव्हतेच. ज्यांच्या घरी लहान मूल नाही असेही यात आले हे खरे. पण तसे ते स्त्रियांच्या आकड्यातही आलेले आहेत. आणि झोळीकडे लागलेला कान अर्ध्या तासाच्या कोणत्या कप्प्यात बसवावयाचा, हा प्रश्न उरतोच.

आकड्यांहून अधिक बोलकी आहे ती भाषा. मी मुलीला कडेवर घेऊन किराणा दुकानात गेलो की हमखास प्रश्न येतो, “सर, आज लेकराला तुम्हीच? बाई न्हाईत व्हय घरी?” मागोमाग कौतुकही होते. शेजारच्या काकू माझ्या आईला सांगतात की तुमचा मुलगा सुनेला फार मदत करतो. पत्नी हेच काम पहाटे, सायंकाळी आणि रात्री करते. तिला आजवर असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. बाप करतो ती ‘मदत’ आणि आई करते ते ‘आपले’ काम, ही वाटणी आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे बोलणाऱ्याला वाटतही नाही. ज्याला मदत म्हटले जाते ते मनात असले तर करावयाचे आणि नसले तर सोडून द्यावयाचे असते. एक वर्षाच्या मुलाच्या बाबतीत अशी सवड कोणालाच नसते.

हीच वाटणी कायद्यातही उतरली आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे प्रतिपादन केले होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची केली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक करणारी तरतूदही त्याच दुरुस्तीतली. दिवसातून चार वेळा त्या पाळणाघरात जाण्याची मुभा तिने दिली. पण ती स्त्री कर्मचाऱ्याला. त्याच छपराखाली काम करणारा बाप त्या वाक्यात कोठेच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पुरुष अध्यापकाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, तीही पत्नीच्या प्रसूतीच्या वेळची. त्या पंधरवड्यात घर बाळंतिणीच्या खोलीत एकवटलेले असते. तेथे शेक-शेगडी, न्हाऊ-माखू आणि डिंकाचे लाडू यांचे राज्य असते, आणि बापाने औषधांच्या दुकानात जाऊन यावे एवढीच अपेक्षा असते. बापाची खरी गरज लागते ती मूल रांगू लागल्यावर, आईची रजा संपून ती कामावर रुजू झाल्यावर. माझ्या मते ही रजा वाढवावी हे तर खरेच, पण त्याआधी ती मूल दोन वर्षांचे होईपर्यंत केव्हाही, तुकड्यातुकड्यांनी घेण्याची मोकळीक द्यावी.

येथपर्यंत जे लिहिले ते पगारदारांपुरते झाले. दोन नोकऱ्या, एक आजी आणि सकाळचे महाविद्यालय यांची सांगड जमणे हे आमचे भाग्य. करमाळा तालुक्यात, विशेषतः उजनीच्या पाणलोटालगत, केळी आणि ऊस मोठ्या प्रमाणावर आहे. दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडांत मराठवाड्यातून, मुख्यतः बीड जिल्ह्यातून, तोडणीच्या टोळ्या उतरतात. या व्यवसायात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोघांपैकी एकाने जरी काम थांबविले तरी खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात वळता होतो. या दोन माणसांचा मिळून एकच श्रमघटक मोजणाऱ्या हिशेबात तिसऱ्या, एक वर्षाच्या जिवाला जागाच नाही. ते लेकरू बांधावर, गाडीच्या सावलीत किंवा झाडाला टांगलेल्या झोळीत असते, आणि त्याची राखण बहुधा आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण करते. म्हणजे राखणीची किंमत येथेही कोणीतरी चुकवीतच असते. ती चुकविली जाते एका मुलीच्या शाळेतून.

साखरशाळा निघाल्या त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. अंगणवाडीत बसवून शिकविणे तीन वर्षांनंतरचे. मधल्या वयाच्या मुलाला पोट आहे हे सरकारने मान्य केले. त्याच्याजवळ दिवसभर कोणी तरी बसावे लागते, ही गोष्ट २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली अंगणवाडीला पाळणाघराची जोड देणारी ‘पालना’ योजना आली तेव्हाही थोडीफारच मान्य झाली. ती फडापर्यंत आणावयाची तर टोळी जेथे उतरते तेथेच हंगामापुरते पाळणाघर लागेल, आणि ते कोयत्याच्या वेळेला, म्हणजे पहाटे, उघडावे लागेल. त्याचा खर्च गाळपाच्या खर्चात धरावा. तोडणी आणि वाहतूक त्यात धरली जातेच. ज्या श्रमाच्या बळावर कोयता चालतो, तो वेगळा का काढावा?

पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटली जाते आणि बोली तेव्हाच ठरते. कारखान्याच्या संचालकांपुढे हा विषय मांडावयाचा असेल तर त्याची वेळ ती आहे. मोळी टाकून गव्हाण पूजली गेल्यावर त्यासाठी कोणालाच फुरसत राहत नाही.