अळवावरचे पाणी आणि वेरिबीचे भूजल

वेरिबी : क्षणभंगुर गोष्टीला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. अळूच्या पानावर थेंब पसरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. हाच गुण रेनकोट, तंबू व गालिचे यांना देणारी काही रसायने मात्र मुळीच क्षणभंगुर नाहीत. मेलबर्नजवळच्या वेरिबीत त्याचा प्रत्यय येतो.

काच किंवा सुती कापड भिजते, कारण त्यांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट पाण्याचे रेणू ओढून घेतात. सिलेनसारखी रसायने या गटांशी बंध जोडतात आणि पाण्याशी जवळीक नसलेल्या कार्बनच्या साखळ्या बाहेरच्या बाजूस राहतात. मग पाणी पसरण्याऐवजी गोळा होते. थेंबाची कड पृष्ठभागाशी करीत असलेला कोन, म्हणजे स्पर्शकोन, ९० अंशांहून अधिक झाला की पृष्ठभाग जलविरोधी मानला जातो.

गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लोरिनयुक्त रसायनांनीही हा कोन सुमारे १२० अंशांपलीकडे जात नाही. अळूच्या पानावर तो १५० अंशांहून अधिक असतो. पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेणाचे कण यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. म्हणजे रसायनाइतकीच पृष्ठभागाची रचनाही महत्त्वाची आहे.

तरीही उद्योगांनी फ्लोरिन पत्करले, कारण ते तेलाचे डागही रोखते. मात्र कार्बन व फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की निसर्गात तो सहजी तुटत नाही. ‘पीफास’ नावाने ओळखली जाणारी ही रसायने कपडे धुताना सांडपाण्यात उतरतात. अग्निशामक फेस हाही त्यांचा मोठा स्रोत आहे.

वेरिबीचे वेस्टर्न ट्रीटमेंट प्लांट हे १८९७ पासून कार्यरत असलेले केंद्र मेलबर्नच्या सुमारे निम्म्या सांडपाण्यावर प्रक्रिया करते. तेथील शुद्ध केलेले पाणी वेरिबी साउथच्या भाजीमळ्यांना मिळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या भागातील भूजलात पीफास आढळले आणि त्याचा संबंध या सिंचनाशी जोडण्यात आला.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२५ पासून पीफॉस, पीफोआ व पीएफएचएक्सएस या तीन प्रमुख रसायनांच्या आयातीवर, उत्पादनावर व वापरावर, काही अपवाद वगळता, बंदी घातली आहे. मेण व सिलिकोन यांचे लेप पाणी रोखतात, तेल मात्र फारसे रोखत नाहीत. शिवाय ते घर्षणाने झिजतात आणि पुन्हा द्यावे लागतात. परंतु पावसात निघालेल्या माणसाच्या रेनकोटाला पाणीच तर रोखायचे असते.