सुट्टी कुठली, कुणाची? सातारा-सांगलीच्या सुट्ट्या संगणकाच्या कॅलेंडरमध्ये भरताना

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरायच्या, त्यात काय एवढं? पण जतचा एखादा रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी सांगलीला येतो आणि कार्यालयाला कुलूप दिसतं, तेव्हा ही किरकोळ गोष्ट राहत नाही. उलटंही होतं. कॅलेंडर म्हणतं 'सुट्टी', माणूस खात्यात पैसे भरत नाही, बँक मात्र चालू असते. हप्ता परत जातो आणि वर दंड बसतो. म्हणून आज आपण सुट्टी नीट नोंदवायची कशी ते पाहू.

पहिला प्रश्न, सुट्टी जाहीर कोण करतं? राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. तिचा आधार आहे १८८१ च्या पराक्रम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याचं, कलम २५. या कलमानुसार हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय धरतात. म्हणजे या यादीत पैशाचा व्यवहार गुंतलेला आहे.

याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. आपल्याकडे त्यासाठी निमित्तांची वाण नाही. साताऱ्यात मांढरदेवच्या काळूबाईची पौष पौर्णिमेची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेचा रथ. सांगलीत बत्तीस शिराळ्याची नागपंचमी, तासगावच्या गणपतीचा ऋषिपंचमीचा रथ. यातल्या कुठल्या दिवशी सुट्टी, हे त्या वर्षीचा आदेश ठरवतो. आणि त्या आदेशात शेवटी एक ओळ असते, तीच बहुतेक जण वाचत नाहीत : ही सुट्टी न्यायालयं, केंद्र शासनाची कार्यालयं आणि बँकांना लागू नाही. तहसील बंद आणि शेजारची बँक चालू, असं एकाच दिवशी होतं ते यामुळे.

शनिवारचंही तसंच. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना मात्र १ सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. त्यामुळे 'आज सुट्टी आहे का?' या प्रश्नाला 'कुणाला?' हा उलट प्रश्न विचारावाच लागतो.

आता दुसरा प्रश्न, जागेचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रदेशासाठी आंतरराष्ट्रीय संकेत वापरतात. महाराष्ट्राचा संकेत आहे 'आयएन-एमएच'. पण तो राज्यापाशीच थांबतो, त्यात जिल्हा नाही. मग काही जण गाडीच्या नंबरचा आधार घेतात : एमएच १० सांगली, एमएच ११ सातारा. पण कराडला एमएच ५० आहे, आणि कराड काही वेगळा जिल्हा नाही! त्यापेक्षा केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्ह्यांना आणि तालुक्यांना दिलेले संकेत वापरावेत.

राज्यापुरतं थांबून का भागत नाही, याचं ताजं उदाहरण बघा. २०२५ साली ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी आल्यामुळे मुंबई शहर आणि उपनगरात ती ८ सप्टेंबरला नेली. इतर जिल्ह्यांत ५ तारीखच राहिली. ज्या कॅलेंडरनं अख्ख्या महाराष्ट्राची तारीख बदलली, ते साताऱ्यात आणि सांगलीत दोन दिवस चुकलं.

तिसरा प्रश्न, दरवर्षीचा. १ मे एकदा लिहिला की झाला. आयकॅलेंडर नावाची जी प्रमाण मांडणी आहे, तिच्यात 'दरवर्षी पुन्हा' असा नियम देता येतो. सणांना तो चालत नाही. नागपंचमीच बघा : २०२२ मध्ये २ ऑगस्ट, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट २१ ऑगस्ट, २०२४ मध्ये ९ ऑगस्ट आणि २०२५ मध्ये २९ जुलै. कुणी म्हणेल, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लावा. ती २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, पण ती सूर्यावर चालते. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ ला. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. नाव चैत्रच, पण हिशेब वेगळा. म्हणून सणांच्या तारखा दरवर्षी अधिसूचनेवरून एकेक करून भराव्यात, हेच खात्रीचं.

काही सुट्ट्या तर वार्षिक यादीत नसतातच. ७ मे २०२४ ला सातारा आणि सांगली दोन्हीकडे लोकसभेचं मतदान होतं. अशा सुट्टीचा आदेश वेगळा निघतो.

आता प्रत्यक्ष नोंद. आमच्या मते प्रत्येक सुट्टीला सहा रकाने हवेत : तारीख, नाव, जागा (राज्य, जिल्हा की तालुका), कुणाला लागू, कुणाच्या आदेशानं, आणि निश्चित की तात्पुरती. चंद्रदर्शनावरच्या सणांना हा शेवटचा रकाना फार उपयोगी.

नोंद करताना तीन गोष्टी सांभाळा. एक, सुट्टी 'पूर्ण दिवस' म्हणून लिहा, वेळ घालू नका. जागतिक वेळेनुसार २९ जुलैची मध्यरात्र लिहिली, तर ती सांगलीत पहाटे साडेपाचला सुरू होते आणि न्यू जर्सीतल्या आपल्या माणसाला २८ तारखेच्या रात्री दिसते. दोन, आयकॅलेंडरमध्ये शेवटची तारीख मोजत नाहीत. २९ ची एक दिवसाची सुट्टी असेल तर शेवट ३० लिहायचा. तीन, तारीख बदलली तर नवी नोंद करू नका. जुन्या नोंदीचा ओळखक्रमांक तोच ठेवून तारीख बदला, नाहीतर लोकांच्या फोनवर एकच सण दोनदा येतो.

हे काम कुणी एका कंपनीनं दूर बसून करण्यासारखं नाही. आदेश जिल्ह्यात निघतो, तो इथल्याच माणसाच्या हाती आधी पडतो. तुमच्यापैकी कुणी शाळेचं, पतसंस्थेचं किंवा गावाच्या ग्रुपचं कॅलेंडर चालवत असेल, तर या वर्षीचा आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मगच भरा. आता प्रश्न असतील तर विचारा.