तिथी बघा आणि समुद्राला निघा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात मोठं पाणी म्हणजे नाथसागर. १९७६ साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं, तेव्हापासून मराठवाड्याची नजर त्याच्या पातळीवर असते. पावसाळ्यात ती चढते, उन्हाळ्यापर्यंत उतरते. वर्षाला एक चढ आणि एक उतार! या हिशेबाला सरावलेला माणूस श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर उभा राहतो. सकाळी जिथे पोरं क्रिकेट खेळत होती तिथे दुपारी लाटा फुटताना बघतो, आणि थक्क होतो. मी तसाच थक्क झालो होतो. ते वेड अजून उतरलेलं नाही.

कोकणच्या सुट्टीबद्दल छापून येतं ते बहुतेक राहण्या-जेवण्याबद्दल. तेही सांगून टाकतो. अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव असं उतरलं की दिवसभरात श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठता येतं. खाली दापोली तालुक्यात मुरूड, हर्णै, आंजर्ले, त्याखाली गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि पार तळाशी मालवण, वेंगुर्ला. जवळपास सगळीकडे घरगुती राहण्याची सोय आहे. तांदळाची भाकरी, सोलकढी, मासळी खाणाऱ्याला तिसऱ्या आणि बांगडा, न खाणाऱ्याला उकडीचे मोदक आणि बिरड्याची उसळ. कासवांची पिल्लं बघायची तर फेब्रुवारीनंतर वेळासला जावं. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. झालं.

आता मुद्द्याचं. या गावांत सुट्टी सुखाची व्हायची असेल तर घड्याळाआधी तिथी बघावी. ही गोष्ट मला श्रीवर्धनला कळली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना विचारलं, समुद्रावर कधी जाऊ? त्यांनी उलट विचारलं, "आज षष्ठी ना? मग साडेचारला भरती. आत्ताच जाऊन या, नि पाणी चढायला लागलं की वर या." पंचांग बघितलं नाही, मोबाइल काढला नाही. रात्री त्यांनी हिशेब उलगडून सांगितला. तिथीची पाऊणकी करायची. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणकी साडेचार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. जी वेळ येईल तेव्हा भरती पूर्ण, बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा. तिच्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या सुमारास.

यामागचं कारण सुंदर आहे. अमावास्येला चंद्र सूर्याच्या सोबतीने दुपारी डोक्यावर येतो. पुढे रोज तो साधारण पन्नास मिनिटं मागे पडतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते. पाऊणकीचा हिशेब रोज पंचेचाळीस मिनिटं धरतो, म्हणून पक्षाच्या शेवटी थोडी चूक साचते. पण जाळं टाकायला किंवा वाळूत फिरायला एवढा अंदाज पुरतो. शिवाय हा नियम मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवणात ती सुमारे तासभर आधी पोचते. चेन्नईला किंवा पुरीला हीच पाऊणकी लावून चालणार नाही. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी ठेवल्या जाताहेत आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो. काटेकोर वेळ हवी असेल त्याने ती बघावीत. मला मात्र विलक्षण वाटतं ते हे, की महाराष्ट्रातल्या लाखो भिंतींवर टांगलेलं 'कालनिर्णय' हेही भरतीचंच कोष्टक आहे. १९७३ मध्ये ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. चतुर्थीचा उपास आम्ही मराठवाड्यातही धरतो. त्याच चतुर्थीला समुद्र तीन वाजता भरतो, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

वेळ कळली की उंचीकडे वळावं. पुनव-अवसेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. मुंबईकडे हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, खाली मालवण-गोव्याकडे तो निम्म्यावर येतो आणि वर खंबातच्या आखातात दहा मीटर ओलांडतो. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची भरती. ती धड चढत नाही, धड उतरत नाही. हे का महत्त्वाचं? अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करवलं, संभाजी महाराजांनी ते पूर्ण केलं. सुकतीला तिथे चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. अष्टमीला सुकती दुपारी बाराला, वेळ तर सोयीची. पण भांग असल्याने वाटेत पाणी उरतं. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थी बरी. उधाण नुकतंच सरलेलं, सुकती सकाळी आठ-नऊला, पाणी बरंच खोल गेलेलं. जाताना किनाऱ्यावरच्या माणसांना परतीची वेळ विचारावी आणि ती पाळावी.

हरिहरेश्वरला तर पाण्याशी वाद घालूच नये. देवळामागून खडकाच्या खिंडीतून पायऱ्या उतरतात आणि समुद्राने कोरलेल्या कातळावरून प्रदक्षिणेची वाट जाते. तिथल्या खडकाला पडलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी तासन्‌तास बघावी अशी. पण ही वाट फक्त सुकतीची. भरतीच्या लाटेने तिथून माणसं ओढून नेलेली आहेत. ज्यांना वाट बंद आहे असं सांगितलं जातं ते पुजाऱ्यांशी, रक्षकांशी हुज्जत घालतात तेव्हा मला मनापासून राग येतो. वाळूत गाडी उतरवणाऱ्यांचाही तसाच. पाणी चढताना ओली वाळू चाकाखालून सरकते, मग ट्रॅक्टर शोधत गावभर धावाधाव.

हे सगळं मनात घेऊन राजपुरीला जावं. समोर जंजिरा. त्याच्याशी आमच्या शहराचं नातं दुहेरी आहे. १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आमच्या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हबशी होता, आणि जंजिऱ्याचे सिद्दीही निजामशाहीच्या चाकरीतले हबशीच. दुसरं नातं आजच्या नावाचं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनारा आणि किल्ला यांच्यामधली खाडी बुजवून सेतू बांधायला घेतला. मोगली फौज कल्याणकडे उतरली म्हणून ते काम सोडावं लागलं. इतिहासाची पुस्तकं ही हकिकत एका वाक्यात उरकतात. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहून दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा ओसरणारं ते पाणी बघितलं की, त्यात भराव टाकायला निघालेल्या माणसांची छाती कळते. संभाजीनगरच्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात. त्यातली एक तरी इथे यावी, असं माझं ठाम मत आहे.

हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, मागे सुवर्णदुर्ग. तिथे कोळणींच्या आपसातल्या बोलण्यात तारीख क्वचितच येते, तिथी सतत. बायकामाणसांनी असं पाठ ठेवलेलं हे शास्त्र शाळेच्या भूगोलात का नसावं?

या दिवाळीसाठी हिशेब मांडून देतो. लक्ष्मीपूजनाची अमावास्या: भरती दुपारी बाराला, सुकती संध्याकाळी सहाला. म्हणजे सूर्य मावळताना किनारा सगळ्यात रुंद, फिरायला उत्तम. भाऊबीज, द्वितीया: भरती दीडला, सुकती सकाळी साडेसातला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा त्याच सकाळी, वाट खुली आहे ना हे विचारून. गर्दी टाळायची असेल तर तुळशीच्या लग्नाची द्वादशी धरा. बाराची पाऊणकी नऊ. तेव्हा हेदवीला मुक्काम ठेवा, पोचायची वेळ थोडी अलीकडे घ्या आणि उधाण जवळ येत असताना बामणघळीवर जा. काळ्या कातळातल्या त्या अरुंद फटीत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. कडेपासून लांब उभं राहून बघा. तिथून गणपतीचं दर्शन घ्या, जेवा, आणि तीनच्या सुकतीला वेळणेश्वरच्या वाळूत या.