डोकी वाढली, वाण तेवढंच

रवांडा-युगांडा-काँगोच्या सीमेवर विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांत गोरिलांची शिरगणती करणारे लोक गोरिलाला गाठायच्या खटपटीत पडत नाहीत. ते त्याचं अंथरूण शोधतात. मोठा गोरिला रोज संध्याकाळी पाला-फांद्या मोडून नवं घरटं करतो आणि तिथेच विष्ठा टाकून सकाळी पुढे जातो. तिला चिकटलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए मिळतो आणि एकच प्राणी दोनदा मोजला गेला का, हे प्रयोगशाळेत कळतं. अशा मोजणीत २०१५-१६ मध्ये विरुंगात ६०४ पर्वतीय गोरिला निघाले. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातले ४५९ मिळवले की १०६३. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी तिथे काम करत होत्या त्या काळात, १९८०च्या सुमारास, विरुंगात जेमतेम अडीचशे उरले होते. ही वाढ पाहूनच २०१८ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत या गोरिलांना ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ गटात आणलं गेलं.

आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्याच विष्ठेतला आणि रक्तातला डीएनए आणखीही काही सांगतो.

२०१५ साली सात पर्वतीय गोरिलांचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यातल्या जवळपास एक-तृतीयांश भागात आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली प्रत अगदी एकसारखी निघाली. पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यात जोड्या जमल्या की असं होतं. अशा कळपात साथ आली तर एकाला जे झेपत नाही ते बहुतेकांना झेपणार नाही, ही खरी भीती. माणसाचा साधा सर्दी-खोकलाही गोरिलांना जिवावर बेततो. पर्यटकांना मास्क लावून लांब उभं राहायला लावतात ते उगाच नाही.

मग हे गोरिला टिकले कसे? उत्तर जरा निर्दय आहे. त्यांची संख्या हजारो वर्षं कमीच होती. अशा छोट्या समूहात घातक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पिल्लाच्या वाट्याला वारंवार येतात, ते पिल्लू दगावतं आणि ते जनुकही त्याच्याबरोबर संपतं. अशा रीतीने सर्वांत वाईट दोषांपैकी बरेच गाळले गेले. सौम्य दोष मात्र राहिले. काहींची बोटं जुळलेली असतात, ती त्यातलीच असावीत.

काळजी खरी करायची ती शेजाऱ्याची. पूर्व काँगोच्या जंगलांत ग्राउअर गोरिला राहतो. संख्येने तो आजही पर्वतीय भावापेक्षा जास्त. पण १९९०च्या दशकापासूनची युद्धं, कोल्टन या खनिजाच्या खाणी आणि खाणकामगारांना पोसण्यासाठी होणारी शिकार यांनी त्याची संख्या फार झपाट्याने घसरली. संग्रहालयांतल्या शंभर वर्षांपर्यंत जुन्या कवट्या-हाडांतला डीएनए आजच्या गोरिलांशी ताडून पाहिला तेव्हा पर्वतीय गोरिलांत फारसा फरक दिसला नाही; ग्राउअरमध्ये मात्र वैविध्य घटलेलं आणि घातक जनुकांचा भार वाढलेला. हळूहळू संख्या घटण्याची सवय एकाला आहे, दुसऱ्याला नाही. यादीतला क्रम नुसत्या संख्येवर ठरवला तर हे हातून निसटतं.

पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत जवळच्या नात्यातल्या जोड्यांवर सरळ उपाय सुचतो तो विरुंगा आणि ब्विंडी जोडण्याचा. मध्ये अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं, पण सगळी शेती आणि वस्ती. विरुंगातली एखादी मादी उचलून ब्विंडीत सोडावी, तर ब्विंडीचे गोरिला खालच्या उंचीवरचे, फळं जास्त खाणारे. नव्या पाहुणीला ते मानवेल का, आणि सोबत रोग गेला तर काय?

त्याआधी जागेचा प्रश्न आहे. विरुंगाच्या काही भागांत कळप इतके दाटले की त्यांच्यातल्या झटापटी वाढल्या आणि परक्या नरांकडून पिल्लं मारली जाऊ लागली. रवांडाने आपलं ज्वालामुखी उद्यान सुमारे २३ टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं आहे. ती जमीन आज बटाटे पिकवणाऱ्यांची आहे. गोरिला बघायला परदेशी पर्यटक माणशी दीड हजार डॉलर मोजतो. त्यातला किती पैसा या शेतकऱ्यांच्या हाती पडतो आणि नवी घरं त्यांना कुठे मिळतात, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.