बोलपटगृहांतील ध्वनियंत्र व त्याची आज्ञावली

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत आम्ही घरचीं लहानथोर मिळून अकरा माणसें तालुक्याच्या गांवीं एक मराठी चित्रपट पाहावयास गेलों होतों. पडद्यावरील चित्र स्वच्छ होतें. गाण्यांच्या वेळीं तबल्याची थाप छातींत उतरत होती. परंतु पात्रें बोलूं लागलीं कीं त्यांचे शब्द जणूं आडाच्या तळांतून येत आहेत असें वाटे. मुलांनीं गाण्यांवरच समाधान मानलें. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना घरांत सर्वच दादा म्हणतात, मध्यंतरापर्यंत कानामागें हाताचा पंजा धरून बसले होते. पुढें त्यांनीं तोहि खालीं घेतला. घरीं परततांना ते इतकेंच म्हणाले, "आतां आमचे कान गेले. यापुढें आम्हांला नेण्याचा खर्च करूं नका."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस असें म्हणतो तेव्हां त्याला कोणी खोडून काढीत नाहीं. त्या दिवसापासून दादांनीं घरच्या बोलण्यांतूनहि अंग काढून घेतलें. जेवतांना कोणी कांहीं विचारलें तर ते नुसतें हसून मान डोलावीत. आपणांस ऐकूं येत नाहींच, अशी गांठ त्यांनीं मनाशीं बांधली होती.

योगायोग असा कीं, त्या थिएटरांत यंत्रें चालविणारा ऑपरेटर आमचा एकेकाळचा विद्यार्थी निघाला. बाजारांत भेट झाली असतां आम्हीं हा सर्व प्रकार त्याच्या कानांवर घातला. त्यानें जीभ चावली व म्हणाला, "गुरुजी, दादांचे कान ठीक आहेत. त्याच आठवड्यात साउंडच्या मशीनला नवं अपडेट टाकलं आणि सगळं सेटिंग उडालं. मधला स्पीकर अगदी खाली गेला होता. आमच्या लक्षात यायला चार दिवस लागले."

एका यंत्राच्या पोटांतील आज्ञा बदलाव्या आणि त्यामुळें एका वृद्ध माणसानें स्वतःस बहिरा ठरवावें, ही गोष्ट आम्हांस फार लागली. आम्हीं त्या विद्यार्थ्याच्या यंत्रखोलींत दोन दुपारी बसून हा विषय समजावून घेतला. तोच आज वाचकांपुढें मांडीत आहों.

पूर्वीं या यंत्रांत आज्ञावली नव्हतीच. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत 'आलम आरा' झळकला व भारतांत बोलपट आला. पुढच्याच वर्षीं, १९३२ सालीं, प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'नें मराठी भाषा पडद्यावर बोलून दाखविली. पुढें कित्येक दशकें फिल्मच्या कडेची एक बारीक नागमोडी पट्टी हाच चित्रपटाचा कंठ होता. दिव्याचा किरण त्या पट्टींतून पलीकडे जाई. पट्टीची रुंदी कमीअधिक होई तसा प्रकाश कमीअधिक होई. त्या प्रकाशाची वीज व त्या विजेचा ध्वनि होई. आवाज बिघडला तर दिवा, भिंग, तार किंवा फिल्म यांपैकीं कांहीं तरी बिघडलेलें असे, व तें डोळ्यांनीं दिसे.

१९९२ सालीं 'बॅटमॅन रिटर्न्स' या अमेरिकन चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धति आली. फिल्म पुढें सरकविण्यासाठीं कडेला जीं भोकें असतात, त्यांच्या मधल्या जागेंत अतिसूक्ष्म ठिपक्यांच्या रूपानें ध्वनि छापला जाऊं लागला. १९९३ सालीं 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस ही दुसरी पद्धति आली. तिच्यांत ध्वनि निराळ्या तबकडीवर असे, व फिल्मवर केवळ काळाच्या खुणा असत. त्या खुणा पाहून यंत्र तबकडी चित्राच्या मेळानें चालवी. त्याच वर्षीं सोनी कंपनीनें 'लास्ट ॲक्शन हीरो'बरोबर तिसरी पद्धति आणली. तिनें फिल्मच्या दोन्ही बाहेरच्या कडा व्यापल्या.

आतां, ठिपके स्वतः बोलत नाहींत. पोथी कितीहि शुद्ध असली तरी लिपि जाणणारा पाठक नसेल तर ती मुकीच राहावयाची. ते ठिपके वाचून, एखादा पुसला गेला असल्यास तो ताडून, त्यांतून ध्वनि रचणारा जो पाठक तो संगणक; आणि 'हें आधीं कर, तें नंतर कर' असें त्याला सांगणारी जी आज्ञांची माळ ती आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. ही पद्धति रूढ करणाऱ्यांनीं एक शहाणपण मात्र केलें होतें. जुनी नागमोडी पट्टी त्यांनीं फिल्मवरून काढून टाकली नाहीं. ठिपके वाचतां आले नाहींत तर यंत्र आपोआप त्या पट्टीवर येई, व खेळ अडत नसे.

आज बहुतेक चित्रपटगृहांतून फिल्मच गेली आहे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनीं डीसीआय नांवाच्या संस्थेमार्फत २००५ सालीं एक नियमपत्र प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें चित्रपट ही आतां संगणकाच्या फायलींची एक गाठोडी असते. तींत ध्वनीचे एका सेकंदांत ४८,००० नमुने घेतलेले असतात; चित्रें सेकंदाला २४, म्हणजे चित्राच्या एकेका चौकटीच्या वांट्यास प्रत्येक वाहिनीवर २,००० नमुने येतात. अशा वाहिन्या सोळापर्यंत असूं शकतात. हें गाठोडें सोडण्याचें काम 'सर्व्हर' हें यंत्र करितें, व त्यांतून निघालेला ध्वनि निरनिराळ्या लाउडस्पीकरांस योग्य प्रमाणांत वांटून देण्याचें काम 'साउंड प्रोसेसर' करितो. दोहोंची आज्ञावली निराळी. आणि येथें आधाराला ती जुनी नागमोडी पट्टी नाहीं.

कोणी विचारील, एकदां बसविलेली आज्ञावली जुनी कशी होते? ती झिजत नाहीं हें खरें. परंतु तिच्यापुढें येणारे ग्रंथ बदलतात. २०१० सालीं 'टॉय स्टोरी ३'बरोबर पडद्यामागील व सभोंवतालच्या ध्वनीच्या मुख्य वाहिन्या पांचांच्या सात झाल्या. २०१२ सालीं 'ब्रेव्ह'बरोबर डॉल्बी ॲटमॉस आलें व छतांतूनहि आवाज येऊं लागला. त्याच वर्षीं 'द हॉबिट' हा चित्रपट सेकंदाला ४८ चौकटींनीं दाखविला गेला. चौकटी दुप्पट होतांच एका चौकटीच्या वांट्याचे नमुने दोन हजारांवरून एक हजारावर आले. गाठोडें बांधण्याची जी पहिली, तात्पुरती रीति होती तिच्या जागीं पुढें प्रमाणित रीति आली. जुन्या आज्ञावलीस ही नवी गांठ सोडतां येत नाहीं. मग ऐन खेळाच्या वेळीं सर्व्हर 'हें मला समजत नाहीं' असें सांगून स्वस्थ बसतो, किंवा एखाद्या वाहिनीचा ध्वनि भलत्याच लाउडस्पीकरांतून निघूं लागतो. म्हणून आज्ञावली अद्ययावत् करणें हा शोक नव्हे, गरज आहे.

मग आमच्या तालुक्याच्या थिएटरांत बिघडलें कोठें? साउंड प्रोसेसरच्या स्मृतींत दोन गोष्टी असतात. एक, कारखान्याची आज्ञावली. ती सर्वत्र सारखी. दुसरी, त्या विशिष्ट सभागृहाची जुळणी. ती मात्र त्या एकट्या सभागृहाची. कोणतें सभागृह लांबट असतें, कोठें भिंतींवर कापड असतें, कोठें उघडा गिलावा. त्या त्या मानानें कुशल माणसानें मोजमापें घेऊन प्रत्येक लाउडस्पीकरची पातळी व जाडबारीक स्वर बसविलेले असतात. वैद्यकाचा ग्रंथ एकच असला तरी रोग्याची नाडी निरनिराळी, तसेंच हें. नवी आवृत्ति घालतांना ग्रंथ बदलावयाचा, नाडीची टिपणें जपावयाचीं. तीं आधीं उतरून ठेवलीं नाहींत तर कधीं कधीं तीं पुसलीं जातात, आणि यंत्र कारखान्यांतून निघतांनाच्या मूळ मांडणीवर येतें. पात्रांचें संभाषण बहुतांशीं पडद्यामागील मधल्या लाउडस्पीकरांतून येतें. गाणें व वाद्यें सर्व बाजूंस पसरलेलीं असतात. मधला दबला कीं गाणें गाजतें व बोलणें बुडतें. दादांचे कान गेले ते असे.

हें टाळण्याचे उपाय आमच्या विद्यार्थ्यानें, स्वतः ठेंच खाल्ल्यावर, वहींत लिहून काढले आहेत. ते थोडक्यांत असे. प्रथम चालू आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवावा व सभागृहाची सर्व जुळणी संगणकावर उतरून तिची एक प्रत यंत्रखोलीबाहेर ठेवावी. कारखान्याचें सूचनापत्र पूर्ण वाचावें. कारण पुष्कळदां फार जुन्या आवृत्तीवरून एकदम नव्या आवृत्तीवर उडी मारतां येत नाहीं, मधली पायरी घ्यावी लागते. नवी आवृत्ति लिहिली जात असतां वीज गेली तर यंत्र अर्धवट लिहिलेल्या पाटीसारखें निरुपयोगी होऊं शकतें. म्हणून आधीं यूपीएसची बॅटरी तपासावी. फाइल कारखान्याकडूनच घ्यावी, कोणाच्या तरी खिशांतल्या पेन ड्राइव्हवरून घेऊं नये. आणि हें काम शुक्रवारीं कदापि करूं नये. त्या दिवशीं नवा चित्रपट लागतो. ज्या दिवशीं सकाळ मोकळी असेल तो दिवस धरावा.

फाइल शुद्ध आली कीं नाहीं हें पाहण्याची रीति ऐकून आम्हांस मोठें नवल व त्याहून मोठा आनंद झाला. फाइलींतील सर्व आंकड्यांवर एक ठराविक गणित करून एक लहान संख्या काढितात. ती मूळ संख्येशीं जुळली तर वाटेंत एकहि अक्षर बदललेलें नाहीं असें समजावें. चित्रपटाच्या गाठोड्यांतहि प्रत्येक फाइलीची अशी संख्या यादींत लिहिलेली असते. आपल्या पूर्वजांनीं अनुक्रमणींत ऋग्वेदाच्या सूक्तांची, ऋचांची, पदांची व अक्षरांचीहि गणती करून ठेविली, व पद, क्रम, घन असे पाठ लावून एकेक अक्षर जखडून टाकिलें, तें याच हेतूनें. संगणक वेदांत होता असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें हा वेदांचाहि अपमान व संगणकाचाहि. परंतु पाठ शुद्ध ठेवण्याची चिंता माणसाला सर्व काळीं सारखीच असते, एवढें यावरून दिसतें.

सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटचा, आणि तोच बहुधा वगळला जातो. तो म्हणजे ऐकणें. नवी आवृत्ति बसली, हिरवा दिवा लागला, म्हणजे काम संपलें असें नाहीं. पावसाच्या संततधारेसारखा एक आवाज यंत्रांतून काढतां येतो. तो एकेका लाउडस्पीकरांतून पाळीपाळीनें सोडून मापकानें पातळी पाहावी. आवाजाचा कांटा सातवर असतां पडद्यामागील प्रत्येक लाउडस्पीकर ८५ डेसिबल भरावा, असा या धंद्याचा संकेत आहे. नंतर आपल्या पूर्ण ओळखीचा एक प्रसंग लावावा व पुढें, मध्यें, शेवटीं अशा तीन जागीं बसून ऐकावा. ओठ व शब्द जुळतात कीं नाहीं हेंहि पाहावें. ध्वनि एका चौकटीच्या वेळांत सुमारें १४ मीटर चालतो. त्यामुळें मोठ्या सभागृहांत मागच्या रांगेला शब्द थोडा उशिरा पोंचणारच. त्यांत यंत्राची चूक मिळाली कीं डोळे व कान यांचें भांडण लागतें.

याच्या उलट टोंकाचा दोषहि सांगितला पाहिजे. नवें आलें म्हणून घातलेंच पाहिजे, असें नाहीं. सूचनापत्रांत आपल्या उपयोगाचें कांहीं नसेल व यंत्र निरोगी असेल तर वाट पाहण्यांत शहाणपण आहे. तसेंच जुनी आवृत्ति फेंकूं नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या, १९६४ पासून फिल्मा जतन करणाऱ्या स्थळीं कोणी उद्यां ठिपक्यांची किंवा तबकडीची फिल्म लावावयास काढील, तर त्याला तें जुनें यंत्र व त्याची जुनी आज्ञावली दोन्ही लागतील. 'आलम आरा'ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तेथें फिल्मच गेली. पण फिल्म राहावी व तिचा पाठक जावा, हेंहि कांहीं कमी नुकसान नव्हे.

असो. आमच्या विद्यार्थ्यानें जुळणी नव्यानें बसवून घेतल्यावर आम्हीं दादांस पुन्हां नेण्याचें ठरविलें. ते येईनात. शेवटीं आमच्या धाकट्या नातीनें हात धरून ओढून नेलें. पहिल्याच प्रसंगांत एक म्हातारा आपल्या मुलाला हळू आवाजांत कांहीं सांगतो. आमचें लक्ष पडद्याकडे नव्हतें, दादांकडे होतें. त्यांचा हात संवयीनें कानामागें गेला, तेथें क्षणभर थांबला, आणि खालीं आला. मध्यंतरांत त्यांनीं त्या म्हाताऱ्याचें वाक्य आम्हांस शब्दशः म्हणून दाखविलें व वर विचारलें, "तुम्हांला ऐकूं आलें ना?"

त्या रात्रीं जेवतांना दादांनीं भाजींत मीठ कमी असल्याचें सांगितलें, सुनेनें हळूच दिलेलें उत्तर ऐकलें, आणि त्यालाहि उत्तर दिलें. आम्हां सर्वांस फार बरें वाटलें.

वाचकांस एवढेंच सांगणें कीं, चित्रपटगृहांत गाणें ऐकूं येऊन बोलणें ऐकूं येत नसेल, तर आपल्या घरच्या वडील माणसांच्या कानांस दोष देण्यापूर्वीं उठून व्यवस्थापकाकडे जावें, आणि आपण कोणत्या रांगेंत बसलों आहों व काय ऐकूं येत नाहीं, तें सौम्यपणें सांगावें. आमच्या गांवीं चार दिवस कोणी सांगितलें नाहीं, आम्हींहि नाहीं.