हाताचे ज्ञान आणि मालकीचा कागद

माझे वडील कोल्हापुरी चपला करीत. गिऱ्हाईकाचा पाय एकदा पाहिला की त्यांची रापी चालू लागे. चामडे किती भिजवायचे, तळ कुठे ताठ ठेवायचा, कुठे नरम, हे त्यांनी कधी लिहून ठेवले नाही. लिहिता येतच नव्हते. वेणी आई विणायची. गावाने वडिलांना निदान कारागीर म्हटले, आईला तेवढेही नाही. वडील वारले आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. मी ती घेतली नाही, मी कॉलेजात गेलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका माणसाच्या हातातले कसब संघटनेचे बौद्धिक भांडवल कसे होते? व्यवस्थापनशास्त्राचे उत्तर सोपे आहे: ते लिहून काढा, नोंदवा, इतरांना शिकवा. कोणाच्या नावावर नोंदवायचे, हा प्रश्न मात्र त्या शास्त्राला सहसा पडत नाही. आमचा सारा इतिहास त्याच प्रश्नाचा आहे.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड असे 8 जिल्हे त्यात येतात. नोंदणीकृत मालक आहेत दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळे. 1999 च्या कायद्याप्रमाणे अशी मालकी एकट्या कारागिराला मिळत नाही; ती उत्पादकांच्या संघटनेला किंवा प्राधिकरणाला मिळते. कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करायची. म्हणजे ज्याची विद्या, तोच आपल्या विद्येचा वापरकर्ता!

आणि या मानांकनाने राखले काय? नाव. कानाचा घाट नव्हे, वेणीची वीण नव्हे. जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब तशा चपला दाखविल्या; 'कोल्हापुरी' हा शब्द मात्र वापरला नाही. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली; दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी, असा तिथला मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते: विद्या चोरीला गेली तरी फिर्याद कोणी द्यायची, हे मालकीचा कागद ठरवितो. त्याच वर्षी डिसेंबरात प्राडाने या महामंडळांशी करार केला. सुमारे 2000 जोड आणि जोडाची किंमत 800 युरोंच्या आसपास, असे तेव्हा जाहीर झाले.

महामंडळे नकोत, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्याविना हा करारही झाला नसता. परंतु मानांकनाच्या अर्जात पद्धतीचे वर्णन करावे लागते, तेवढ्याने विद्या संस्थेत येत नाही. हिरडा आणि बाभळीची साल यांत चामडे कमावतात, हे लिहिता येते. कमावलेले चामडे बोटाला कसे लागले म्हणजे पुरे, हे ढोर समाजातल्या जुन्या माणसाशेजारी बसूनच कळते. त्या माणसाला गुरू म्हणून पगार कोण देणार? वेणी विणणाऱ्या बायांची नावे वापरकर्त्यांच्या यादीत त्यांच्या स्वतःच्या हक्काने येणार की घरधन्याच्या पोटात जाणार? नफ्याचा किती वाटा कारागिरांच्या हाती पडणार, आणि तो ठरविताना त्या बैठकीत कारागीर असणार की नाही? भांडवल हा शब्द वापरायचा तर हे हिशेब आधी मांडले पाहिजेत.

जातीचा धंदा जातीतच राहावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जात ही श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. चपलेची विद्या कोणाच्याही पोराला शिकता यावी, आणि चर्मकाराच्या पोराला ती खुशाल सोडता यावी. मात्र ती सोडताना त्याच्या बापाचा हिस्सा बुडू नये.

वडिलांचे पत्र्याचे फर्मे माझ्या घरी ट्रंकेत आहेत. त्यांवर आरीने ओढलेल्या खुणा आहेत. कोणती खूण कशाची, ते मला वाचता येत नाही.