सर्पदंश : समजुतींचा जमाखर्च

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांचे जीवन डोंगर, भातशेती, कुळागरे आणि काजूच्या बागा यांच्याशी जडलेले आहे. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा सृष्टीचा नियम होय. आपल्या व्यापारी बांधवांच्या वखारीही या नियमास अपवाद नाहीत. तांदळाची पोती, खोबरे, सुपारी, काजूबिया यांच्या राशींमागे उंदीर शिरतात आणि त्यांच्या मागावर साप येतो. म्हणून सर्प हा विषय जितका वैद्यांचा, तितकाच आपल्या नित्य व्यवहाराचाही आहे.

या प्राण्याविषयी आपल्या समाजात जितक्या समजुती रूढ आहेत तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी असतील. त्यांतील काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र प्रत्यक्ष प्राणावर बेततात. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची गणना उपेक्षित व्याधींत केली, आणि २०२४ मध्ये भारत सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. औषध उपलब्ध असताना इतके मृत्यू का व्हावेत? रोगी औषधापर्यंत उशिरा पोहोचतो, हे त्याचे एक मोठे कारण. आणि तो उशीर पुष्कळदा समजुतींपायी होतो.

मंत्राने गुण येतो काय?

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. धामण, दिवड, कवड्या हे आपल्या परिसरात नेहमी दिसणारे साप माणसास मारू शकत नाहीत. माणसाच्या मृत्यूस बहुतांशी कारण होणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांतही विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. कित्येक दंश कोरडे असतात.

आता हिशेब पाहा. दंश झालेले दहा जण मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे गेले, आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगात विष मुळी शिरलेच नव्हते, तर ते मंत्रावाचूनही बरे होणारच. त्यांचे श्रेय मंत्राच्या खाती जमा होते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले तो दगावतो, तेव्हा ‘त्याचे आयुष्यच सरले होते’ किंवा ‘आणावयास उशीर केला’ असे म्हणून ती रक्कम दैवाच्या किंवा नातलगांच्या नावे टाकली जाते. ज्या वहीत केवळ जमा लिहिली जाते आणि खर्च कधीच लिहिला जात नाही, ती वही कोणता व्यापारी खरी मानील? मंत्र म्हणणारा लबाडच असतो असे आमचे म्हणणे नाही. तो पुष्कळदा सद्‌भावनेने, एक पैसाही न घेता हे काम करतो. परंतु सद्‌भावनेने विष उतरत नाही.

घातक उपचार

दंशाच्या वर दोरी करकचून आवळणे हा सर्वांत रूढ उपाय. घोणस व फुरसे यांचे विष दंशाच्या जागीच मांस कुजविते. त्यात रक्तप्रवाह कोंडला म्हणजे हात-पाय कायमचा गमावण्याची वेळ येते, आणि दोरी एकाएकी सोडताच साठलेले विष वेगाने शरीरात पसरते. जखम चिरल्याने विष निघत नाही. मात्र ज्या विषाने रक्त गोठण्याचे थांबते त्यात ही चीर थांबता थांबत नाही. तोंडाने विष ओढून काढणेही तसेच निरर्थक होय.

रोग्यास कडुनिंबाचा पाला चावावयास देऊन तो कडू लागतो की नाही यावरून विषाची परीक्षा करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. भ्यालेल्या माणसाच्या जिभेचा हा कौल सर्वस्वी अविश्वसनीय आहे. रुग्णालयात याहून साधी आणि खरी परीक्षा होते : रोग्याचे थोडे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाची शंका दृढ होते. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर आघात करते. तेथे पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, श्वास मंदावणे ही लक्षणे पाहावी लागतात.

मण्यारीविषयी विशेष सावध असावे. ती रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते आणि तो दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, डोळे मिटू लागतात. घरची माणसे अपचन समजून काढा देतात आणि मोलाचे तास निघून जातात. पुढे सर्व स्नायू लुळे पडून मनुष्य मृतवत् दिसतो. परंतु त्याचे हृदय चालू असते, आणि यंत्राने श्वास चालू ठेवला तर तो पुन्हा उठून बसू शकतो.

आणखी एका प्रकाराचा उल्लेख आपल्या समाजाने अवश्य ध्यानी घ्यावा. जखमेवर एकामागून एक जिवंत कोंबड्या दाबून धरण्याची चाल काही ठिकाणी आहे. कोंबडी मरते ती विष शोषल्यामुळे नव्हे, तर दाबून गुदमरल्यामुळे. रोग्यास तिचा काडीमात्र उपयोग नाही. अज्ञान आणि हिंसा यांची अशी जोडी अन्यत्र क्वचितच दिसेल.

दूध, पुंगी आणि मांडूळ

साप मांसाहारी आहे. दूध हे त्याचे अन्न नव्हे. नागपंचमीस दूध पिणारा नाग हा बहुधा अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. त्याच्या पुढ्यात जे पातळ येईल ते तो पितो, आणि ते दूध त्यास अपायच करते. धामण गाईच्या पायांस वेटोळे घालून सड चोखते, ही गोष्टही खोटी. तिच्या तोंडाची आणि दातांची रचनाच चोखण्यास निरुपयोगी आहे. सापास बाहेरचे कान नसतात. जमिनीतील कंपने आणि काही अंशी हवेतील आवाज त्यास जाणवतात, परंतु तो डोलतो ते सुरांनी मोहून नव्हे, पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. सूड उगविण्यासाठी माणूस ओळखून ठेवण्याची शक्ती त्याच्या मेंदूत नाही.

मांडूळ या सापाची कथा तर थेट बाजाराशी निगडित आहे. त्याचे शेपूट आखूड व बोथट असल्यामुळे त्यास दोन तोंडे आहेत असा भास होतो, एवढेच. गुप्तधन दाखवितो अशा भ्रमाने त्याचे लाखो रुपयांचे सौदे ठरतात, लोक फसतात आणि एका निरुपद्रवी प्राण्याचे हाल होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा व्यवहार गुन्हा आहे. ज्या धंद्यात माल खोटा, गिऱ्हाईक भ्रमिष्ट आणि जीव वेठीस, तो धंदा कोणत्याही सच्च्या व्यापाऱ्याने दूरच ठेवावा.

खरा उपाय

सर्पविषावर सिद्ध झालेले औषध एकच, प्रतिविष. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात ते प्रथम तयार केले. भारतात या चारही सापांचे विष अत्यल्प प्रमाणात वाढवीत घोड्यांस टोचतात आणि त्यांच्या रक्तात उत्पन्न होणारी प्रतिकारशक्ती वेगळी काढतात. या पद्धतीत घोड्यास जिवे मारावे लागत नाही. तथापि त्यास होणाऱ्या त्रासाचा विचार झाला पाहिजे, आणि घोड्यावाचून प्रतिविष सिद्ध करण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. मात्रा रोग्याच्या वजनावर नव्हे, तर शिरलेल्या विषावर ठरते. म्हणून लहान मुलासही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते. सह्याद्रीतील चापडा जातीच्या सापांवर हे प्रतिविष लागू पडत नाही, तेथे डॉक्टर अन्य उपचार करतात.

घरच्यांनी करावयाचे ते इतकेच : रोग्यास धीर द्यावा आणि चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा, पण घट्ट आवळू नये. फेणी किंवा अन्य मद्य पाजू नये. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी आरोग्यकेंद्र गाठावे. तेथून आवश्यक तर म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहेच. प्रतिबंध याहूनही सोपा आहे : वखारीत पोती भिंतीपासून दूर व फळ्यांवर रचावीत, सांडलेले धान्य रोज झाडावे, अंधारात बॅटरीवाचून पाऊल टाकू नये आणि निजताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोवावी.

आपले कर्तव्य

खेड्यात संकट आले म्हणजे माणूस धावतो तो पुष्कळदा दुकानदाराकडेच. कारण त्याच्याकडे वाहन असते, फोन असतो आणि त्याच्या शब्दास वजन असते. त्या क्षणी दुकानदार ‘आधी मंत्र घालून पाहा’ म्हणतो की ‘गाडीत बसा’ म्हणतो, यावर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहते. म्हणून संघाच्या प्रत्येक सभासदाने वर सांगितलेल्या सूचनांचा एक फलक दुकानात लावावा आणि आपल्या हमालांस व नोकरांस त्या समजावून सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे.

भगवान पार्श्वनाथांची कथा आपण सर्व जाणतोच. पंचाग्नी साधणाऱ्या तपस्व्याभोवती लोक भक्तिभावाने जमले असता, जळत्या लाकडात जीव होरपळत आहेत हे एका राजकुमाराने ओळखले, आणि लाकूड फोडून तेथील सर्प दाखविला. विधी डोळ्यांना दिपवीत होता; आत काय जळते आहे हे पाहणारा एकच होता. आधी ज्ञान, मग दया, असा क्रम आपल्या आगमांनी घालून दिला आहे. सर्पास न मारणे ही दया खरीच; परंतु दंश झालेल्या शेजाऱ्यास वेळेवर रुग्णालयात पोहोचविणे ही त्याच दयेची दुसरी बाजू होय, आणि ती ज्ञानावाचून साधत नाही.